१३ गुणिले १४, आणि आपल्या शेजारचं पाटण

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्याकडे चौकाचौकात 'वैदिक गणिता'चे फ्लेक्स लागतात. पोरगं दहा दिवसांत कॅल्क्युलेटरच्या पुढे पळेल म्हणे. फी विचारू नका.

तिथली पहिली ट्रिक इथंच फुकट सांगतो. १३ गुणिले १४ करायचंय? १३ मध्ये ४ मिळवा, १७. त्यावर शून्य, १७०. आता ३ चोक १२ त्यात टाका. १८२. अकरा ते एकोणीसपर्यंत कुठलीही जोडी घ्या, चालतं. विशीतही चालतं, फक्त दहाऐवजी विसाने गुणायचं. २३ गुणिले २६ म्हणजे २९ विसा ५८०, अधिक १८, झाले ५९८.

यात जादू काही नाही. १४ चे १० आणि ४ असे तुकडे केले. १३ दाहे १३०. १३ चोक ५२, म्हणजे ४० आणि १२. १३० नि ४० मिळून १७०, वर १२. संपलं. पण क्लासमध्ये 'का' सांगत नाहीत, फक्त 'कसं' सांगतात. माझा राग फीपेक्षा याच्यावर जास्त आहे.

आणि 'वैदिक' हे नाव? ते आलं पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकावरून. ते छापलं गेलं १९६५ साली, त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी. त्यातली सूत्रं वेदांच्या उपलब्ध पाठात सापडत नाहीत, हे पुस्तकाच्या संपादकांनीच नोंदवलंय. स्वामीजींची बुद्धी मोठी होती, यात वाद नाही. पण वेदांचा शिक्का मारला की माल खपतो, हे फ्लेक्सवाल्यांना बरोबर कळलंय.

खरा, तारीख-वार असलेला इतिहास पाहिजे तर भास्कराचार्यांची 'लीलावती' उघडा. साल साधारण ११५०. गुणाकाराचं पहिलंच उदाहरण आहे १३५ गुणिले १२. उत्तर एकच, १६२०, पण रस्ते किती! १२ चे ८ आणि ४ करा, वेगवेगळं गुणा, बेरीज करा. नाहीतर आधी ३ ने, मग ४ ने गुणा. एकक-दशक वेगळे काढा. किंवा १२ मध्ये ८ मिळवून सरळ विसाने गुणा, २७००, आणि जास्तीचे १०८० वजा करा. ज्याला जो रस्ता सोयीचा, तो त्याने धरावा. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस पोरांना निवड करायला शिकवत होता.

आता यात आपला संबंध काय, तर चाळीसगावजवळचं पाटण. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृत, पण शेवटी दानाचा, उत्पन्नाचा हिशेब आला की भाषा मराठी होते! पैशाचं बोलणं लोकांना कळलं पाहिजे ना. (भास्कराचार्यांचं गाव कुठलं यावर वाद आहेत, ते इथं उकरत नाही.)

मठ गेला, तरी तोंडी हिशेब टिकला तो पंतोजींच्या शाळेत. पाढे होतेच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असताना त्याशिवाय दुकान चालणार कसं? १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि औटकीचं काम संपलं. त्याचं दुःख करायचं कारण नाही, व्यवहार सोपा झाला. पण 'अकरा दाहे दाहोदरसे' म्हणणारा आवाजही त्याच्याबरोबर चाललाय.

तुमच्या घरात कुणा आजी-आजोबांना औटकी अजून येत असेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.