संगीत-तबकड्यांचे संगणकीय फाइलींत रूपांतर

काँपॅक्ट डिस्कवर (सीडीवर) मुद्रित असलेले संगीत वाचून ते संगणकाच्या स्मृतिसाधनात स्वतंत्र फाइलींच्या रूपाने साठविण्याची क्रिया. व्यवहारात तिला ‘रिपिंग’ म्हणतात. ‘सीडीचे अंकीय रूपांतर’ हा रूढ शब्दप्रयोग काटेकोर नाही; कारण सीडीवरील संगीत मुळातच अंकीय असते. ग्रामोफोन तबकडी किंवा चुंबकीय फीत यांवरील ध्वनी अंकांत आणताना त्याचे नव्याने मापन करावे लागते. सीडीच्या बाबतीत हे मापन आधीच झालेले असून केवळ अंक एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात न्यावयाचे असतात. तत्त्वतः अशी नक्कल मुळाबरहुकूम व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती दीर्घकाळ तशी झाली नाही, याची कारणे काही अंशी तांत्रिक व काही अंशी आर्थिक आहेत.

नेदर्लंड्समधील फिलिप्स व जपानमधील सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे संयुक्त मानक सिद्ध केले. मुखपृष्ठाच्या रंगावरून ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये व १९८३ मध्ये यूरोप-अमेरिकेत सीडीची विक्री सुरू झाली. या मानकानुसार ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० वेळा मापन करून प्रत्येक मापन १६ द्विमान अंकांत नोंदविले जाते. ४४,१०० ही वरवर विचित्र वाटणारी संख्या व्हिडिओ फितींवर अंकीय ध्वनी नोंदविण्याच्या तत्कालीन पद्धतीतून आली : एका ओळीत ३ मापने, २४५ ओळी व सेकंदास ६० क्षेत्रे यांचा तो गुणाकार होय. दोन ध्वनिमार्ग धरून सेकंदाला १४,११,२०० द्विमान अंक म्हणजेच मिनिटाला सु. १०·६ मेगाबाइट इतकी माहिती होते.

सीडीच्या रचनाकारांपुढे संगणक नव्हता, घरातील ध्वनिवादक यंत्र होते. त्यामुळे संगीताच्या सीडीवर ‘फाइल’ अशी वस्तूच नसते. आतून बाहेर जाणारा एक अखंड सर्पिल मार्ग आणि आरंभी प्रत्येक गीत कोणत्या मिनिट-सेकंदास सुरू होते हे सांगणारे कोष्टक, एवढेच तीवर असते. सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाएवढा एक खंड २,३५२ बाइटांचा असतो. पुढे संगणकीय माहितीसाठी सीडी-रॉम हा प्रकार निघाला, तेव्हा त्यातील २,०४८ बाइट माहितीला ठेवून उरलेले खंडाचा नेमका पत्ता व वाढीव त्रुटिशोधन यांसाठी राखण्यात आले. संगीताच्या सीडीत ही सोय नाही. ओरखड्यांमुळे झालेल्या चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती तीतही आहे. पण चूक तिच्या आवाक्याबाहेरची असल्यास वादक यंत्र शेजारच्या मापनांवरून अंदाजाने मधले मूल्य भरते व कानाला सहसा फरक जाणवत नाही. ऐकण्यासाठी ही तडजोड उत्तम होती, नक्कल करण्यासाठी मात्र ती घातक ठरली. चूक झाली आणि ती झाकली गेली, हे संगणकाला कळतच नसे. शिवाय खंडाचा पत्ता नेमका नसल्याने आरंभीची अनेक वाचकयंत्रे थांबून पुन्हा वाचू लागली की किंचित मागे वा पुढे सरकत आणि फाइलीत टकटक असा आवाज उमटे. कित्येक यंत्रे तर संगीताचे अंक संगणकास देतच नसत. तेव्हा ध्वनी सदृश तारेने बाहेर काढून पुन्हा मुद्रित करावा लागे.

यावर उपाय निघाले ते बहुतांशी हौशी कार्यलेखकांच्या हातून. क्रिस्टोफर माँटगोमेरी यांचे ‘सीडीपॅरानोइया’ व आंद्रे वीथॉफ यांचे १९९८ मधील ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे कार्यक्रम एकच भाग पुनःपुन्हा वाचून, वाचने परस्परांशी जुळवून पाहतात आणि न जुळल्यास तसे नोंदवितात. पुढे ‘ॲक्युरेटरिप’ या सेवेने याहून साधी पण अधिक खात्रीची युक्ती आणली : निरनिराळ्या व्यक्तींनी निरनिराळ्या यंत्रांवर केलेल्या नकलांच्या पडताळा-संख्या एकत्र ठेवावयाच्या. परक्या माणसाच्या प्रतीशी आपली संख्या जुळली, तर दोघांच्याही यंत्रांनी तीच चूक केली असण्याची शक्यता नगण्य असते.

वाचन बिनचूक झाले, तरी साठवणीचा प्रश्न उरे. १९९०–९५ च्या सुमारास घरगुती संगणकाच्या हार्ड डिस्कची क्षमता बहुधा काही शे मेगाबाइट असे. संपूर्ण सीडीची माहिती त्याहून अधिक भरे. ही कोंडी एमपी३ संपीडनाने फोडली. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइंट्स ब्रांडेनबुर्ख व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनाचा या पद्धतीत प्रमुख वाटा होता. मोठ्या स्वराच्या निकटचा क्षीण स्वर कानाला ऐकू येत नाही, या तत्त्वावर माहितीचा बराच भाग टाकून देण्यात येतो. हे मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले व फाइलींच्या नावापुढील ‘एमपी३’ हे अक्षरचिन्ह १९९५ मध्ये ठरले. सेकंदाला १,२८,००० द्विमान अंक या तेव्हाच्या प्रचलित प्रमाणात फाइल मूळ आकाराच्या सु. अकराव्या भागाएवढी होई.

टाकलेली माहिती परत मिळविता येत नाही, हे मात्र अनेकांच्या ध्यानी उशिरा आले. संग्रह संगणकात उतरवून तबकड्या विकून टाकणाऱ्यांना पुढे साठवण स्वस्त झाली तेव्हा सर्व संग्रह पुन्हा मिळविणे भाग पडले. जॉश कोल्सन यांच्या ‘फ्लॅक’ या २००१ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या पद्धतीत काहीच टाकले जात नाही. आकार सर्वसाधारणपणे निम्म्याच्या आसपास येतो आणि उलगडल्यावर मूळ अंक जसेच्या तसे परत मिळतात. ती कोणत्याही स्वामित्वशुल्कावाचून वापरता येत असल्याने अभिलेखागारांतही रूढ झाली.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यांना एमपी३चा आणखी एक दोष विशेष जाचक वाटला. या पद्धतीत ध्वनी १,१५२ मापनांच्या चौकटींत विभागला जातो आणि प्रत्येक फाइलीच्या आरंभी व शेवटी थोडी निःशब्दता भरली जाते. पाश्चात्त्य चित्रपटगीतांत वा सुट्या गाण्यांत तिचे काही वाटत नाही. पण अखंड चाललेली मैफल सीडीवर विलंबित व द्रुत अशा भागांत तोडलेली असेल, तर सांध्यावर तंबोरा क्षणभर बंद पडतो. भरलेल्या मापनांची संख्या फाइलीतच नोंदवून ती वाजविताना वगळण्याची सोय नंतर झाली.

नावांचा प्रश्न याहून अवघड निघाला. सीडीवर गीतांची नावे बहुधा नसतात. टी कान यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘सीडीडीबी’ या सूचीत गीतांच्या आरंभवेळांवरून काढलेल्या संख्येने तबकडी ओळखली जाई व वापरणाऱ्यांनीच टंकलेली नावे इतरांना मिळत. हजारोंनी विनामूल्य केलेले हे श्रम १९९८ मध्ये एका खाजगी कंपनीच्या मालकीचे झाले आणि पुढे परवाना नसलेल्या कार्यक्रमांना ती सूची बंद करण्यात आली. त्याची प्रतिक्रिया म्हणून ‘फ्रीडीबी’ व ‘म्युझिकब्रेन्झ’ या मुक्त सूची उभ्या राहिल्या. पैकी पहिली २०२० मध्ये बंद पडली. फाइलीतच नावे लिहिण्यासाठी १९९६ मध्ये निघालेल्या ‘आयडी३’ या आराखड्यात एकंदर १२८ बाइट असून शीर्षकाला ३० अक्षरे मिळत. संगीतप्रकारांच्या त्याच्या मूळ ८० नावांत भारतीय रागसंगीताला स्थान नव्हते. गायक, गीत आणि संग्रह या तीन रकान्यांत राग, ताल, बंदिशीचे बोल, तबल्याची साथ, मुद्रणाची तारीख हे काहीच नीट बसत नाही. नाट्यपदाला तर नाटक, नाटककार व मूळ गायक नट हेही हवे. त्यात सीडीडीबीच्या आरंभीच्या व्यवहारात देवनागरी लिहिण्याची सोय नसल्याने एकच राग रोमन लिपीत अनेक प्रकारांनी लिहिला गेला आणि शोध घेणाऱ्याच्या हाती संग्रहातील तुकडेच लागत राहिले. ध्वनी सुरक्षित राहून त्याची ओळख हरवणे, ही अंकीय संग्रहांतील सर्वांत दुर्लक्षित हानी म्हणावी लागेल.

विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःसाठी नक्कल करण्याचा हक्क ग्राहकाला आहे काय, हा वाद अजून सर्वत्र मिटलेला नाही. ‘रिओ’ या खिशात मावणाऱ्या वादकयंत्राविरुद्ध अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाने केलेला दावा १९९९ मध्ये अपील न्यायालयात अयशस्वी झाला. स्वतःच्या संगीताचे स्थलांतर हा अव्यापारी खाजगी उपयोग मानला गेला. उलट ग्राहकाने आपली सीडी एकदा दाखविली की त्या संगीताची आपल्याजवळील प्रत त्याला ऐकविणाऱ्या ‘एमपी३ डॉट कॉम’ या कंपनीला न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरविले. कारण त्या नकला ग्राहकाने नव्हे, तर कंपनीने केल्या होत्या. दरम्यान १९९९ ते २००१ या काळात ‘नॅप्स्टर’वरून अशा फाइलींची अनिर्बंध देवघेव झाली. सोनी बीएमजी कंपनीच्या काही सीडींतून संगणकात गुप्तपणे नक्कलरोधक कार्यक्रम बसविला जातो व त्यामुळे संगणक असुरक्षित होतो, हे २००५ मध्ये उघडकीस आल्यावर त्या परत मागवाव्या लागल्या. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये खाजगी नकलेस दिलेली मुभा जुलै २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमातील कलम ५२ नुसार खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित व्यवहार २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगणक-कार्यक्रम वगळता कोणत्याही कृतीस लागू होतो. ध्वनिमुद्रणेही त्यात येतात.

सीडी अविनाशी आहे, हा आरंभीचा प्रचार खरा ठरला नाही. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८–९३ या काळात तयार झालेल्या अनेक तबकड्या परावर्तक थराचे रासायनिक क्षरण होऊन कडेपासून तपकिरी पडत गेल्या. घरी लिहिता येणाऱ्या सीडींतील रंगद्रव्य उष्णता व प्रकाश यांनी त्याहून लवकर बिघडते. संगीत आता बव्हंशी महाजालावरून प्रवाहरूपाने ऐकले जाते. परंतु लहान प्रकाशकांनी अल्प संख्येने काढलेल्या व पुन्हा प्रसिद्ध न झालेल्या सीडी तेथे आढळतीलच असे नाही. अशा मुद्रणांच्या बाबतीत एखाद्या रसिकाने केलेली काळजीपूर्वक नक्कल व तिच्यासोबत जपलेली वेष्टनावरील माहिती हाच उपलब्ध पुरावा असू शकतो.