विद्यार्थी संगीतचित्रफीत : मूल्यमापन

विद्यार्थ्यांनी एखाद्या गाण्यावर केलेली तीन-चार मिनिटांची चित्रफीत आणि तिच्या जोडीला काढलेले पोस्टर, मुखपृष्ठ, थंबनेल, टीझर हे सारे एकत्र ठेवून जोखण्याची पद्धत. माध्यमशिक्षणात ही जोडी एकच कृती मानली जाते. बोलीत 'गाण्याचा व्हिडिओ' हा शब्द रूढ आहे. कोल्हापूर परिसरात एकट्या गाण्यालाही 'अल्बम' किंवा 'अल्बम साँग' म्हणतात. त्या अल्बमात दुसरे गाणे नसले तरी कोणाचे अडत नाही.

अभ्यासक्रमाचा घटक म्हणून या प्रकाराला ठरीव रूप मिळाले ते ब्रिटनमध्ये. तिथल्या ओसीआर या परीक्षा मंडळाने २००८ पासून शिकवल्या गेलेल्या ए-लेव्हल माध्यम अभ्यासक्रमात गाण्याची चित्रफीत, सीडीचे घडीचे पुठ्ठ्याचे वेष्टन (डिजिपॅक) आणि मासिकातली जाहिरात असा संच करण्याचा पर्याय ठेवला होता. संच झाला की विद्यार्थ्याला चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. प्रचलित संकेत कुठे पाळले, कुठे मोडले. मुख्य कृती आणि जोडसाहित्य मिळून किती परिणाम साधतात. प्रेक्षकांकडून काय शिकलात. तंत्र कसे वापरले. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात आता मासिकातल्या जाहिरातीची जागा समाजमाध्यमावरील पानाने घेतली आहे. सीडी कोणी विकत घेत नसले तरी डिजिपॅक मात्र टिकून आहे. चारांपैकी दुसरा प्रश्न सर्वांत अवघड. विद्यार्थी तो दोन ओळींत उरकतात आणि परीक्षकही बहुधा त्यांना सोडून देतात. प्रस्तुत नोंदीचा भर त्यावरच आहे.

कोल्हापूरला हा प्रश्न नवा नाही. चित्रपट आणि त्याची जाहिरात एकाच हातातून उतरण्याचा दाखला या गावात शंभर वर्षांपूर्वीचा आहे. बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे आनंदराव पेंटर यांच्यासह नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. आनंदराव १९१६ मध्ये वारले. त्यानंतर बाबूरावांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली (१९१७) आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. बाबूराव पात्रांच्या वेशभूषेची रेखाटने आधी काढत, मग चित्रण करत आणि पोस्टरही स्वतःच रंगवत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिकाही त्यांनी काढल्या. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे त्यांचे पोस्टर आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोजले जाते. थोडक्यात, पडद्यावरचा शेला आणि भिंतीवरचा शेला एकाच कुंचल्याने ठरवलेला असे. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ या कंपनीची आठवण म्हणून उभा आहे. त्याच्या पायथ्याशी वाढदिवसाचे फ्लेक्सही लागतात. कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात काढली आणि तुतारी फुंकणारी स्त्री ही आपली खूण केली. एकच खूण पडद्यावर आणि कागदावर सतत दिसू देणे याला आज ब्रँडिंग म्हणतात. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत आज विद्यार्थ्यांच्याच चित्रफिती तपासल्या जातात.

चित्रफितीचे परीक्षण गाणे आणि चित्र यांच्या नात्यापासून सुरू करावे. अँड्रू गुडविन यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात या नात्याचे तीन प्रकार सांगितले: चित्र शब्दांचा अर्थ दाखवते, तो वाढवते किंवा त्याच्याशी फटकून वागते. विद्यार्थ्यांच्या कामात पहिल्याचाच सुळसुळाट असतो. शब्दात चंद्र आला की चंद्र, डोळे आले की डोळे. कोल्हापुरात त्यावर स्थानिक थर चढतो: रंकाळ्याचा काठ, संध्यामठ, पंचगंगेचा घाट, खासबागेतला आखाडा, गुऱ्हाळाची वाफ, जोतिबाचा गुलाल. ही स्थळे वापरण्यात काहीच गैर नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा गाणे विरहाचे असते आणि नायक मात्र उसाच्या फडातून पांढऱ्या बुलेटवरून जात असतो, कारण बुलेट मित्राची आहे. परीक्षकाने एक साधा प्रयोग करावा. आवाज बंद करून चित्रफीत पाहावी आणि गाणे कशाबद्दल असेल ते कागदावर लिहावे. मग आवाज लावावा. दोन्हींत थोडे अंतर असेल तर काम चांगले. अंतर अजिबात नसेल तर चित्राने नुसती नक्कल केली आहे. फारच असेल तर गाणे आणि चित्र यांची भेटच झालेली नाही.

ओठांचा मेळ म्हणजे लिपसिंक. नवख्यांचे काम इथे सर्वांत आधी उघडे पडते. चित्रफीत सेकंदाला २५ फ्रेमची असेल तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एवढी चूक कोणाच्या लक्षात येत नाही. चार-पाच फ्रेमची मात्र आजीलाही कळते. चूक बहुतेक वेळा गाणाऱ्याची नसून फोनची असते. अनेक मोबाइल फोन उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करतात, संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र तो एकसारखा धरून चालते. प्रत्यक्षात २९.९७ फ्रेमने टिपलेले ३० फ्रेमचे समजून जोडले, तरी साडेतीन मिनिटांच्या सलग शॉटच्या शेवटी ओठ आणि आवाज यांत सुमारे ०.२ सेकंदाची फट पडते. सुरुवात जुळलेली आणि शेवट सुटलेला दिसला तर परीक्षकाने अभिनयाचे गुण कापू नयेत. तंत्राच्या रकान्यात नोंद करावी. प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट (१९३२) कोल्हापुरात तयार झाला तेव्हा पार्श्वगायन नव्हते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायले, त्यामुळे ही फट पडायला जागाच नव्हती.

लिपसिंकच्या तंत्राची दुसरी बाजू कौतुकाची आहे. ५० फ्रेमने चित्रण करताना गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, नायिकेने त्या लगबगीत ओठ हलवायचे आणि मग चित्रफीत २५ फ्रेमने चालवायची. ओठ मूळ गाण्याशी जुळतात, पदर मात्र संथ लहरतो. हे ज्या गटाला जमले त्याने तालमी केल्या आहेत असे खुशाल समजावे. ड्रोनच्या शॉटबद्दल तसे म्हणता येत नाही. तो भाड्याने मिळतो.

संकलनाबाबत मोजके सांगण्यासारखे आहे. प्रत्येक ठेक्यावर कट मारणे म्हणजे लय नव्हे. हलगीच्या गाण्यात एखादा लांब शॉट टिकवून धरायला जास्त धीर लागतो.

जाहिरात साहित्याकडे वळले की कामाचा दर्जा एकदम घसरलेला दिसतो. कारण उघड आहे. चित्रफितीला दोन महिने दिलेले असतात आणि पोस्टर आदल्या रात्री फोनवरच्या तयार नमुन्यात नावे भरून होते. यात सर्वांत आधी अक्षरे पाहावीत. श्रेयनामावलीत 'निर्मिती' आणि 'दिग्दर्शन' हे दोन शब्द हमखास असतात आणि देवनागरी नीट न उमगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच दोन मोडतात. 'निर्मिती'ची पहिली वेलांटी न च्या आधी बसायची ती मागे पडते, रफार म वर चढायचा तो पाय मोडलेला सुटा र होऊन उभा राहतो. 'दिग्दर्शन'मध्ये ग चा पाय लोंबकळत राहतो. सात जणांनी फाईल पाहिलेली असते आणि सातही जणांनी फक्त आपापले नाव वाचलेले असते. फ्लेक्सच्या दुकानात आणखी एक गंमत होते. विद्यार्थी युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो, दुकानदार श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये काम करतो आणि मजकूर चिकटवताच चौकोन किंवा भलतीच चिन्हे उमटतात. मग दुकानदार पुन्हा टंकतो आणि ऱ्हस्व-दीर्घ त्याच्या मर्जीवर जाते. एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू असे मोफत युनिकोड फाँट हाताशी असताना एवढी ओढाताण करायचे कारण नाही. पोस्टर मजकुराऐवजी पीडीएफमध्ये पाठवले, तर अर्धे दुखणे तिथेच संपते.

थंबनेल हे आजचे खरे पोस्टर. यूट्यूबसाठी ते १२८० बाय ७२० पिक्सेलचे असते आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चित्रफितीच्या वेळेची काळी पट्टी येऊन बसते. गायकाचे नाव नेमके तिथे लिहिणारे गट दरवर्षी भेटतात. थंबनेल तपासायचे ते प्रोजेक्टरवर नव्हे, फोनच्या पडद्यावर, हात लांब धरून. त्या अंतरावर चेहरा आणि गाण्याचे नाव एवढे दोनच टिकतात. बाकीचे सारे काढून टाकले असते तरी चालले असते. छापील पोस्टरची अडचण वेगळी. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा आणि कागदावरचा शाईचा. जोतिबाचा झगझगीत गुलाबी छापून आला की बराचसा विटलेला दिसतो. नमुना आधी छापून पाहिला होता का, हा प्रश्न तोंडी परीक्षेत जरूर विचारावा.

आता मेळाविषयी. पोस्टर आणि चित्रफीत यांचा मेळ म्हणजे दोन्हींवर तोच फोटो नव्हे. चित्रफितीतला एक गोठवलेला क्षण उचलून पोस्टरवर लावणे हा सर्वांत सोपा मार्ग आणि बहुधा सर्वांत कमकुवतही, कारण हलत्या चित्रासाठी बांधलेली चौकट स्थिर कागदावर रिकामी दिसते. मेळ साधतो तो एखाद्या ठरवलेल्या गोष्टीने: एखादी वस्तू, एक रंग, अक्षरांचे एक वळण, पात्राची उभे राहण्याची ढब. समजा, गाणे तालमीतल्या मुलीचे आहे. चित्रफितीत लाल माती तिच्या तळहातावर दिसते. पोस्टरवर तिचा चेहरा नाही, फक्त मातीचा हात आहे. मुखपृष्ठावर तोच हात धुतलेला, नखांत माती राहिलेली. तिन्ही चित्रे वेगळी असली तरी गाणे एकच असल्याचे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. परीक्षकाने तिन्ही गोष्टी चित्रफितीचे नाव झाकून, इतर गटांच्या साहित्यात मिसळून टेबलावर ठेवाव्यात आणि गटाबाहेरच्या विद्यार्थ्यांना जोड्या लावायला सांगाव्यात. किती जोड्या बरोबर लागल्या हे मोजता येते आणि त्यावर वाद होत नाही.

हाच प्रेक्षकांचा प्रतिसाद. 'भावा, नाद खुळा' हा अभिप्राय नव्हे, दाद आहे. ती मिळाल्याचा आनंद मानावा, पण उत्तरपत्रिकेत तिला स्थान नाही. व्ह्यूजच्या आकड्यालाही नाही. चुलत्या-मामांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चार वेळा पाठवलेल्या लिंकने तो वाढतो. विचारायचे ते इतके की तुम्ही कितव्या सेकंदाला बोट फिरवले आणि का.

हक्कांचा तपशील मूल्यमापनात बहुधा धरला जात नाही, तो धरावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांपुढे चित्रफीत किंवा ध्वनिमुद्रण वाजवता येते. तीच चित्रफीत यूट्यूबवर चढवली की ती सवलत संपते. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे, शब्दांचा आणि चालीचा मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. 'पिंजरा' चित्रपटातल्या १९७२ मध्ये प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क २०३२ अखेर संपेल. त्यातील गाण्यांचे गीतकार जगदीश खेबुडकर २०११ मध्ये कोल्हापुरात वारले, म्हणून शब्दांचा हक्क २०७१ अखेरपर्यंत राहील. दुसऱ्याचे गाणे नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करण्याला कायद्यात पाच वर्षांनंतर वाट आहे, पण त्यावर चित्र जोडायला वेगळी परवानगी लागते. पन्हाळा केंद्रसंरक्षित स्मारक असल्याने तिथल्या चित्रीकरणासाठी पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी पाहावी. सर्वांत सोपे म्हणजे वर्गातल्याच कोणाकडून गाणे लिहून, चाल लावून घेणे. देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेच्या गावात पेटी वाजवणारा सापडत नाही असे सांगणाऱ्या गटाने पुरेशी शोधाशोध केलेली नाही.

गुण गटाला द्यायचे की एकेकाला, हा जुना तंटा. गटाच्या कामाची रोजवही तपासणे हा त्यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय. रोजवहीत पावसाने बुडालेला दिवस, बॅटरी संपलेली दुपार, रद्द झालेले कथानक, खोडलेले पोस्टर हे सारे यायला हवे. सर्व पाने एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली दिसली तर ती वही सादरीकरणाच्या आदल्या रात्रीची, म्हणजे पोस्टरच्याच वयाची असते.