वाढदिवस : आत्मपरीक्षणाचे पर्व

वाढदिवस म्हटला की पुष्पहार, शुभेच्छा आणि मिष्टान्न डोळ्यांसमोर येते. थोर व्यक्तींवर तर या दिवशी स्तुतीचा वर्षाव होत असतो. परंतु आपल्या देशाच्या इतिहासात असेही वाढदिवस होऊन गेले की, ज्या दिवशी सत्कारमूर्तींनीच सत्कार बाजूला सारून समाजाला कर्तव्याची जाणीव करून दिली.

१९४१ साली दुसऱ्या महायुद्धाचा वणवा पेटलेला होता. रवींद्रनाथ टागोर ऐंशी वर्षांचे होत होते. त्यांची प्रकृती खालावलेली असल्याने, १४ एप्रिल रोजी, बंगाली नववर्षदिनी, शांतिनिकेतनात त्यांचे वाढदिवसाचे भाषण त्यांच्या उपस्थितीत वाचून दाखविण्यात आले. ‘सभ्यतार संकट’ हे त्याचे नाव. ज्या युरोपीय संस्कृतीवर तारुण्यात श्रद्धा ठेवली, तिच्याविषयीचा भ्रमनिरास त्यांनी निःसंकोचपणे मांडला. तरीही मानवावरील विश्वास गमावणे हे पाप होय, हेच त्यांचे अंतिम सांगणे होते. त्यानंतर चार महिने पूर्ण होण्यापूर्वीच, ७ ऑगस्ट रोजी, त्यांचे निधन झाले.

महात्मा गांधींचा अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस २ ऑक्टोबर १९४७ रोजी आला. स्वातंत्र्य मिळून दीड महिना झाला होता; पण फाळणीच्या हिंसाचाराने देश होरपळत होता आणि दिल्ली निर्वासितांनी भरून गेली होती. बिर्ला भवनात गांधीजींनी तो दिवस उपवास, प्रार्थना व सूतकताई यांत घालविला. अभिनंदनापेक्षा सांत्वनच अधिक उचित ठरणार नाही काय, असा त्यांचा व्यथित प्रश्न होता. एके काळी सव्वाशे वर्षे जगण्याची इच्छा व्यक्त करणाऱ्या या महात्म्याने आता ती आस उरली नसल्याचे सांगितले. लोकांकडे त्यांचे मागणे एकच होते : अंतःकरणातील द्वेष काढून टाका. तो त्यांचा अखेरचा वाढदिवस ठरला.

पुढे १९६२ मध्ये तत्त्वचिंतक डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती झाले. त्यांचा ५ सप्टेंबर हा जन्मदिन साजरा करण्याची इच्छा विद्यार्थ्यांनी व स्नेह्यांनी प्रकट केली. तेव्हा, हा दिवस शिक्षकांचा म्हणून पाळला गेल्यास आपणास अभिमान वाटेल, असे त्यांनी सुचविले. म्हैसूर, कलकत्ता व ऑक्सफर्ड येथे अध्यापन केलेल्या या आचार्यांनी आपला मान अशा रीतीने साऱ्या शिक्षकवर्गाला अर्पण केला. त्या वर्षापासून हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो.

एकाने घोर निराशेतही श्रद्धा जपली, दुसऱ्याने समाजाचे दुःख स्वतःचे मानले, तिसऱ्याने मिळालेला मान वाटून टाकला. तिघांनीही आयुष्याची वर्षे केवळ मोजली नाहीत. त्यांचा हिशेब मांडला. व्यक्तीला जे लागू, तेच संस्थेलाही लागू आहे. किती वर्षे सरली, यापेक्षा ती कोणाच्या उपयोगी पडली, हा प्रश्न प्रत्येक वाढदिवशी आपण स्वतःला विचारला, तर या थोरांचे स्मरण सार्थकी लागेल.