बळ आणि सांधा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. वसंतातल्या या ज्ञानसत्रात आम्ही एका खेळण्यातल्या ट्रकापासून इतिहासाला आरंभ करणार आहोत, हे ऐकून काही श्रोत्यांना ते पोरकट वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. ज्या गोष्टीने आम्हांला या विषयाकडे ओढले, ती आधी सांगितलेली बरी.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगत बजाजनगरात आमच्या एका आप्तांचे बिऱ्हाड आहे. त्यांच्या बारा वर्षांच्या नातवापाशी बिनतारी लहरींनी दुरून चालणारा, हातभर लांबीचा एक ट्रक आहे. ट्रकात दोन सेलची, ७.४ व्होल्टची बॅटरी होती. पोराने साठविलेल्या पैशांतून तीन सेलची, ११.१ व्होल्टची बॅटरी आणली. ट्रक अंगणातून बाणासारखा सुटला. दुसऱ्याच फेरीला पायरीवर चढताना आत ‘कर्र’ असा आवाज झाला आणि तो जागीच उभा राहिला.

“आजोबा, मोटर नुसती ओरडतेय, चाकं हलतच नाहीत.”

गाडी उघडून पाहिली. मोटरवरचे लहान पोलादी गिअर, म्हणजे पिनियन, शाबूत होते. पण त्यात अडकणाऱ्या मोठ्या प्लॅस्टिकच्या गिअरचे दात साफ खरवडले गेले होते. तेथे पोलादी गिअर बसविले. आठ दिवसांनी मागचा डिफरेन्शियल गेला. तोही बदलला, तेव्हा चाकाकडे जाणारा दांडा पिळवटला. पोरगा आणखी जाड दांडा मागू लागला. तेव्हा, ज्यांचे सारे आयुष्य वाळूजच्या वर्कशॉपांत गेले ते आजोबा म्हणाले, “अरे, तू तुटणं थांबवत नाहीस. एका घरातून काढून दुसऱ्या घरात पाठवतोयस.”

हे वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. यंत्रयुगाचा निम्मा इतिहास त्यात आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हिशेब पाहू. व्होल्ट दीडपट झाले की मोटरचा मोकळा वेग दीडपट होतो. बॅटरीने तेवढा प्रवाह पुरविला तर अडखळलेल्या मोटरचा पीळही दीडपट होतो. दोहोंचा गुणाकार सव्वादोनपट. बळ एवढे वाढले, परंतु ते वाहून नेणारे दात, दांडे आणि बेअरिंगे होती तीच राहिली. शिवाय इंजिनाचा पीळ वेग चढल्यावर भरात येतो. विजेच्या मोटरचा पीळ पहिल्या क्षणापासून पुरा असतो. म्हणून दाताला तो भार म्हणून नव्हे, घाव म्हणून बसतो.

आता शहरात चला. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, जी अठराव्या शतकात उभी राहिली, आपण सर्वांनी पाहिली आहे. दूरच्या डोंगरातले पाणी नळांतून आणून त्याच्या जोरावर धान्य दळायचे, अशी ती योजना. खाली पाण्याने फिरणारे चाक, वर जाते. त्यांच्यामध्ये दातांची गुंतागुंत नाही. जात्यात धान्य अधिक पडले तर जाते मंदावते आणि पाणी पात्यांवरून निसटून जाते. कोठे काही मोडत नाही. निसटणारे पाणी हाच तिचा क्लच होता, असे म्हटले तर चूक होणार नाही. आपल्या विहिरीवरच्या मोटेचेही तसेच. बैलाचा सारा जोर नाड्यावर येई. नाडा झिजला की शेतकऱ्याच्या नजरेला तो आधीच दिसे आणि तो वेळेवर बदलता येई.

वाफेने ही सोय मोडली. लंडनमध्ये १७८६ साली ॲल्बियन नावाची पिठाची गिरणी सुरू झाली. तिला वॅटची वाफेची इंजिने होती. तोवर गिरण्यांतली दंतचक्रे बहुधा लाकडी असत. या नव्या बळापुढे लाकडाचा टिकाव लागणार नाही हे ओळखून जॉन रेनी या अभियंत्याने तेथे लोखंडी चक्रे बसविली. ती गिरणी १७९१ साली जळून गेली; पण लोखंडी चक्रांचा प्रघात राहिला. वॅटचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. रेनीचे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? बळ देणाऱ्याला जग ओळखते, बळ पेलणारा सांधा घडविणाऱ्याला विसरते.

आणि येथेच हा इतिहास यंत्रांपुरता उरत नाही, माणसांचा होतो. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाच्या गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी गिरणी चालू झाली. त्या काळच्या गिरण्यांत एक मोठे इंजिन असे. छताखालून लांबच लांब शाफ्ट फिरत आणि त्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रावर येत. यंत्र अडकले तर पट्टा घसरे आणि यंत्र वाचे. पण कामगाराचे धोतर किंवा हात त्या पट्ट्यात सापडला, तर पट्टा घसरत नसे. इंजिनाला एका हाताचा भार तो किती! सर्वांत दुर्बळ सांधा कोणता असावा हे ज्या कारखान्यात कोणी ठरविलेले नसते, तेथे तो मान नकळत मजुराच्या देहाला मिळतो.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. त्यात मुलांच्या कामाच्या तासांबरोबर धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याचेही कलम होते. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून एक निवेदन तयार केले. रविवारच्या सुट्टीची त्यांची मागणी आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे, कारण तिचे फळ आपण दर आठवड्याला चाखतो. परंतु त्याच निवेदनात दुसरी एक मागणी होती. कामावर जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. मधल्या एकोणचाळीस वर्षांत किती हात गेले, याचा हिशेब गिरण्यांच्या ताळेबंदांत मांडलेला नाही.

हा सारा वारसा घेऊनच यंत्रयुग वाळूजला आले. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खाम नदीकाठच्या या गावाचे नाव रिक्षांबरोबर देशोदेशी गेले. त्या रिक्षेकडे आज आपण थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावे, अशी आमची विनंती आहे. १९७७ साली बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. इंजिन चाकांजवळ गेले, तशी बळाची वाट आखूड झाली. त्या वाटेवर क्लचच्या प्लेटी आहेत, ज्या भार फार झाला की घसरतात. धक्का गिळणारी रबरी कपलिंगे आहेत. आणि असे गिअर आहेत, ज्यांचे पोलाद कर्बयुक्त वायूत सुमारे ९०० अंशांवर तासन् तास तापवून मग झटकन थंड करतात. त्यामुळे दात वरून कठीण होतो आणि आतून चिवट राहतो. नुसता कठीण दात घावाने फुटतो, नुसता मऊ दात झिजतो. क्लच आणि ब्रेक बनविणारी एन्ड्युरन्ससारखी कंपनी याच वाळूजमध्ये वाढली, यात नवल नाही. जेथे बळ येते, तेथे ते पेलणाऱ्यांची वस्ती व्हावीच लागते.

२०२३ साली बजाजने विजेची रिक्षा आणली. तिच्या मोटरला गिअर लागणारच नाही, असे पुष्कळांना वाटत होते. तरीही तिच्यात दोन गतींचा, आपोआप बदलणारा गिअर ठेवलेला आहे. चढावर पीळ हवा, सपाटीवर वेग हवा; बॅटरी कितीही मोठी असली तरी या दोहोंत तडजोड करणारा मध्यस्थ सुटत नाही.

पुन्हा त्या ट्रकाकडे येऊ. आजोबांनी जाड दांडा आणून दिला नाही. त्यांनी कमी दातांचे पिनियन बसविले, त्यामुळे वेग थोडा घटला आणि मोटर तापेनाशी झाली. मोठ्या गिअरपाशी घसरणारा क्लच बसवून त्याचा नट त्यांनी पुरता आवळला आणि मग थोडा सैल सोडला. पोराने ट्रक पायरीवर घातला. आत क्षणभर ‘सुर्र’ असा आवाज झाला, ट्रक थबकला आणि वर चढला. काही मोडले नाही. “क्लच घसरला,” पोरगा हिरमुसून म्हणाला. “घसरण्यासाठीच बसवलाय तो,” आजोबा म्हणाले. “घसरायचं कुणी, हे आपण ठरवलं. नाहीतर ते पायरीनं ठरवलं असतं.”

श्रोतेहो, आपल्या शहरात आणि वसाहतीत नवे बळ रोज येत आहे. त्याचे स्वागत अवश्य करावे. पण प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारावा: भार अधिक झाला तर येथे प्रथम काय घसरेल? मालकाने विचारावा, अभियंत्याने विचारावा आणि मशीनवर उभ्या असलेल्या कामगाराने तर निर्भयपणे विचारावा. त्याचे उत्तर क्लच, पिन, पट्टा असे काही मिळाले, तर काम चालू ठेवावे. उत्तर मिळाले नाही, तर यंत्र थांबवावे. कारण अशा ठिकाणी काय घसरते, ते मुंबईच्या गिरण्यांनी आपल्याला पूर्वीच दाखवून ठेवले आहे.