शान-चिएन-पि-पो-शा (इंग्रजी अनुवाद)

शान-चिएन-पि-पो-शा हा बौद्ध भिक्षुसंघाच्या कायद्यावरील, म्हणजेच विनयावरील, चिनी भाषेतील भाष्यग्रंथ आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाने रचलेल्या समन्तपासादिका या पाली अट्ठकथेचे ते चिनी रूप होय. पाली व बौद्धविद्येचे अभ्यासक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (१८९४–१९९१) यांनी जपानी विद्वान अकिरा हिराकावा (१९१५–२००२) यांच्या सहकार्याने केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० साली प्रसिद्ध केला.

मूळ ग्रंथ

विनय ही केवळ आचारनियमांची यादी नव्हे. दोष कोणता, तो हेतुपूर्वक घडला की नकळत, निवाडा कसा करावा, हेही त्यात येते. चोरीच्या आरोपाचा निर्णय करताना वस्तू, काळ, देश, मूल्य आणि उपभोग या पाच गोष्टी पाहाव्यात, असे समन्तपासादिका सांगते. नवी असताना महाग असलेली वस्तू वापराने स्वस्त होते, हा विचारही त्यात आहे.

चीनमध्ये पाचव्या शतकाच्या पहिल्या चरणात सर्वास्तिवाद, धर्मगुप्तक, महासांघिक व महीशासक या चार पंथांच्या विनयांचे अनुवाद झाले. थेरवादी परंपरेतील हे भाष्य त्यानंतर, इ.स. ४८८–४८९ मध्ये, क्वांगचौ (कँटन) येथे संघभद्र या भिक्षूने चिनीत आणले. ते अठरा भागांत आहे. समन्तपासादिकेशी असलेले त्याचे नाते जुंजिरो ताकाकुसु यांनी १८९६ साली दाखवून दिले.

अनुवादकांचे सहकार्य

धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. बापट त्यांच्याच परंपरेतले. विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांच्या तुलनेवरील त्यांचा ग्रंथ १९३७ साली पुण्यात निघाला. त्यासाठीही त्यांना चिनी अनुवादाचाच आधार घ्यावा लागला होता. हिराकावा हे तोक्यो विद्यापीठातील विनयाचे अधिकारी अभ्यासक. विनयपिटकावरील त्यांचा मोठा जपानी ग्रंथ १९६० सालचा. एकाचा पाया पाली, तर दुसऱ्याचा चिनी विनय. या ग्रंथाला दोन्हींची गरज होती, कारण संघभद्राचे चिनी भाषांतर मूळ पालीशी ठिकठिकाणी जुळत नाही.

पाठभेद

हे न जुळणे हाच अनुवादाचा सर्वांत मोलाचा विषय ठरतो. बुद्धाच्या स्तूपात मुक्काम करू नये व तेथे वस्तू ठेवू नयेत, असे दोन नियम चिनी ग्रंथात चर्चिले आहेत; पण ते मूळ भारतीय ग्रंथात नाहीत, कारण बुद्धाच्या हयातीत स्तूप नव्हतेच, अशी टीपही तेथेच आहे. स्तूपविषयक असे नियम चीनमध्ये प्रचलित असलेल्या धर्मगुप्तक विनयात आढळतात. म्हणजे परदेशी कायद्याचे भाषांतर होत असताना स्थानिक कायदा त्यात शिरला, आणि भाषांतरकाराने ते लपवलेही नाही.

अशोककालीन धर्मप्रसारकांच्या यादीत अपरान्तात गेलेल्या धम्मरक्खिताच्या नावाऐवजी चिनीत ‘धर्मगुप्त’ असे नाव येते. त्याच यादीत महाधम्मरक्खित ‘महारट्ठ’ देशी गेल्याची नोंद आहे. महाराष्ट्राचे हे नाव चिनी अक्षरांत ध्वनिरूपाने उतरले आहे.

बुद्धनिर्वाणाचा काळ

संघभद्राच्या नावाशी ‘ठिपक्यांची नोंद’ ही कथा जोडलेली आहे. दरवर्षी वर्षावास संपल्यावर विनयाच्या पोथीत एक ठिपका द्यायचा, असा प्रघात होता, इ.स. ४८९ मध्ये ठिपक्यांची संख्या ९७५ भरली, असे चिनी ग्रंथकार सांगतात. त्यावरून निर्वाणाचे वर्ष इ.स.पू. ४८६ येते. विनय प्रथम इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत लिपिबद्ध झाला, अशी तेथील परंपरा आहे. तेव्हा सुरुवातीचे ठिपके कोणत्या पोथीत पडले, हा प्रश्न उरतोच. सिंहली कालगणनेप्रमाणे निर्वाण इ.स.पू. ५४४ मध्ये झाले. तीच गणना धरून १९५६ साली भारत सरकारने २५०० वा बुद्धजयंती महोत्सव साजरा केला आणि त्या निमित्ताने काढलेल्या इंग्रजी ग्रंथाचे संपादक बापटच होते.

पुढील कार्य

या दोघांचे विनयविषयक काम पुढे पाटण्याच्या काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेतून प्रसिद्ध झाले. महासांघिक भिक्षुणीविनयाचा हिराकावांनी चिनीवरून केलेला इंग्रजी अनुवाद आणि बापट व वा. वि. गोखले यांनी संपादिलेले गुणप्रभाचे विनयसूत्र, ही दोन्ही पुस्तके १९८२ सालची आहेत.