घारापुरी: लेण्यांचं बेट, माणसांचं गाव

आज आपण घारापुरी बेटाची गोष्ट ऐकू या. बेट उरण तालुक्यातलं, आपल्या रायगड जिल्ह्यातलं. पण बहुतेक पाहुणे तिथे जातात ते मुंबईहून. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभरात पोचता येतं. धक्क्यावर उतरलं की रिक्षा नाही, एस.टी. नाही. छोटी आगगाडी डोंगराच्या पायथ्याशी सोडते. पुढे शंभराहून जास्त पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांना डोलीवाले खुर्चीत बसवून वर नेतात.

वरची लेणी सुमारे सहाव्या शतकातली, अख्खा कातळ आतून कोरून काढलेली. मोठ्या लेण्यात तीन मुखांचा शिव आहे, जवळजवळ 20 फूट उंच. त्याच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर, म्हणजे अर्धा देह शंकराचा, अर्धा पार्वतीचा.

1534 मध्ये हा भाग पोर्तुगीजांकडे गेला. बेटावर त्यांना दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तो हत्ती आता भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र घारापुरी हेच नाव राहिलं.

1987 मध्ये युनेस्कोने लेण्यांना जागतिक वारसा ठरवलं. पण बेटावर लेण्यांखेरीज राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावंही आहेत. रात्री समोर मुंबईचा झगमगाट, आणि इथल्या घरात संध्याकाळी काही तास जनरेटर, मग कंदील. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून कायमची वीज आली ती थेट फेब्रुवारी 2018 मध्ये. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षं उलटून गेली होती. मुलांचा अभ्यास, रात्रीचं आजारपण, दुकानातलं थंड पाणी, सगळं इतकी वर्षं त्या विजेसाठी अडलेलं. वारसा जगाचा झाला, तरी त्याच्या पायथ्याची चूल अंधारातच राहिली.

तुमच्या बचत गटाची सहल तिथे नेणार असाल, तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचही थांबतात. माकडांपासून पिशव्या सांभाळा. आणि लेणी बघून झाल्यावर लगेच धक्क्याकडे पळू नका. बेटावरच्या एखाद्या ताईकडे जेवा, तिच्याशी दोन शब्द बोला. दगडातली पार्वती बघायला आपण समुद्र ओलांडून जातो. तिथे राबणाऱ्या बाईलाही भेटून येऊ या.