जबल अख्दर टप्पा, टूर ऑफ ओमान

जबल अख्दर टप्पा, टूर ऑफ ओमान : ओमानमध्ये दर फेब्रुवारीत होणाऱ्या व्यावसायिक सायकल शर्यतीतील निर्णायक डोंगरी टप्पा. त्याची शेवटची चढण निझवा विलायतीतील (प्रांताचा उपविभाग) बिर्कत अल मौज या गावापासून सुरू होते. ५.७ किमी. लांबीच्या या चढणीचा सरासरी उतार १०.५ टक्के आहे, म्हणजे दर शंभर मीटरला साडेदहा मीटर उंची चढावी लागते. शर्यतीचे बाकीचे दिवस बहुतेक सपाट वा चढउताराच्या रस्त्यांवर जातात आणि एकूण विजेता बहुधा या चढणीवर ठरतो. त्यामुळे शर्यत दुरून पाहणाऱ्याचे आणि तिचे प्रक्षेपण करणाऱ्याचे सारे लक्ष याच टप्प्यावर असते.

स्थान : निझवा हे अद दाखिलिया प्रांताचे मुख्य शहर असून ते मस्कतच्या नैर्ऋत्येस, हजर पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी वसले आहे. एकेकाळी ते अंतर्भागातील इमामांची राजधानी होते. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ अल यारुबी याने बांधलेला तेथील किल्ला त्याच्या प्रचंड गोल बुरुजासाठी प्रसिद्ध आहे. बिर्कत अल मौज निझवाच्या पूर्वेला आहे. खजुराच्या बागा, जुन्या मातीच्या घरांची पडझड झालेली वस्ती आणि फलज अल खतमीन हा वाहता पाट ही गावाची ओळख. ओमानमधील ज्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा फलज आणि निझवाचा फलज दारिस हे दोन्ही आहेत. गाव सोडताच पोलिसांची चौकी लागते. एरवी फोर-व्हील ड्राइव्ह गाडीखेरीज कोणतेही वाहन तेथून वर सोडले जात नाही, कारण उतरताना साध्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो. सायकलींची शर्यत याच रस्त्याने वर जाते.

चढण : टप्प्याची शेवटची रेषा समुद्रसपाटीपासून सुमारे १,२३५ मी. उंचीवर आहे. गुलाबांसाठी आणि डाळिंबांसाठी नावाजलेले सैक पठार त्याहून बरेच वर, सुमारे २,००० मी. उंचीवर असल्याने शर्यत पठारापर्यंत पोचत नाही. ५.७ किमी.मध्ये सुमारे सहाशे मीटर उंची चढायची असते. आघाडीच्या सायकलपटूंना त्याला साधारण वीस मिनिटे लागतात. म्हणजे ताशी सतरा-अठरा किमी. एवढाच वेग पडतो आणि या वेगाला पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याचा फायदा जवळजवळ उरत नाही. सपाटीवर शंभराहून अधिक सायकलपटूंचा जथा एकसंध चालतो. येथे पहिल्याच किलोमीटरमध्ये तो फुटतो. स्प्रिंटर मागे पडतात, मग नेत्यासाठी राबणारे सहकारी गळतात आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये चारपाच जणच समोरासमोर राहतात. रस्ता रुंद आणि डांबर गुळगुळीत आहे. झाड नाही, सावली नाही. वळणांच्या मधले पट्टे लांब आणि सरळ असल्याने मागच्याला पुढचा सतत दिसतो. हा तपशील किरकोळ वाटला तरी शर्यतीच्या डावपेचांत मोलाचा आहे, कारण दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला घाईने गाठायला जाऊन दमलेल्यांची उदाहरणे या चढणीवर पुष्कळ आहेत.

इतिहास : टूर ऑफ ओमान २०१० मध्ये सुरू झाली. टूर द फ्रान्स भरवणारी फ्रान्समधील अमोरी स्पोर्ट ऑर्गनायझेशन ही संस्था आणि बेल्जियमचा माजी सायकलपटू एडी मेर्क्स यांचा तिच्या उभारणीत वाटा होता. पहिली शर्यत स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्सेलाराने जिंकली, मात्र तेव्हा मार्गात जबल अख्दर नव्हता. तो २०११ मध्ये आला आणि त्या वर्षी नेदरलँड्सचा रॉबर्ट गेसिंक हा टप्पा आणि शर्यत दोन्ही जिंकला. २०१२ मध्ये चढणीवर इटलीचा विन्चेंझो निबाली पहिला आला, पण एकूण वेळेत स्लोवाकियाचा पेटर वेलिट्स त्याच्यापेक्षा एका सेकंदाने सरस ठरला. २०१३ मध्ये टप्पा स्पेनच्या होआकिन रोद्रिगेसकडे गेला आणि शर्यत ब्रिटनच्या क्रिस फ्रूमकडे. अनेक दिवसांच्या शर्यतीतील फ्रूमचे ते पहिले एकूण विजेतेपद मानले गेले. त्याच वर्षी जुलैत त्याने टूर द फ्रान्स जिंकल्यावर ओमानच्या निकालाकडे युरोपातील जाणकार अधिक गांभीर्याने पाहू लागले. फ्रूमने २०१४ मध्ये टप्पा आणि शर्यत दोन्ही जिंकले. राफाएल व्हाल्स (२०१५), निबाली (२०१६) आणि बेन हर्मान्स (२०१७) यांनीही तसेच दुहेरी यश मिळवले.

२०१५ ची शर्यत दुसऱ्याच कारणाने लक्षात राहिली. पाचव्या दिवशी वाळूचे वादळ आणि कडक ऊन असताना उतारांवर ब्रेक लावून रिम तापल्या आणि टायर फुटू लागले. सायकलपटू एका पुलाखाली सावलीत थांबले आणि टप्पा रद्द झाला. निर्णय कोणी आणि कधी घ्यायला हवा होता, यावर आयोजक आणि सायकलपटू यांच्यात मतभेद झाले.

२०१८ आणि २०१९ मध्ये कझाकस्तानचा अलेक्सेई लुत्सेन्को एकूण विजेता ठरला. सुलतान काबूस यांच्या जानेवारी २०२० मधील निधनामुळे त्या वर्षीची आणि पुढे महासाथीमुळे २०२१ ची शर्यत झाली नाही. २०२२ मध्ये चेक सायकलपटू यान हिर्टने टप्पा व शर्यत जिंकली, २०२४ मध्ये ब्रिटनच्या ॲडम येट्सने. २०२३ पासून हा शेवटच्या दिवसाचा टप्पा आहे.

मस्कत क्लासिक : २०२३ पासून मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी होणारी एक दिवसाची शर्यत.

वेळेचे गणित : टप्प्यात पहिला येणे आणि शर्यत जिंकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक दिवसाच्या वेळांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज असणारा लाल जर्सी घालतो. टप्प्यातील पहिल्या तिघांच्या वेळेतून अनुक्रमे १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. वाटेतील ठरावीक ठिकाणच्या स्प्रिंटवर ३, २ आणि १ सेकंद मिळतात. सपाट टप्प्यावर एकत्र पोचलेल्या जथ्याला सारखीच वेळ दिली जाते आणि शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कोणी पडले वा टायर पंक्चर झाले तर त्याचे नुकसान धरले जात नाही. डोंगरमाथ्यावरील शेवटाला ही सवलत नाही. म्हणून जबल अख्दरवर सायकलच्या पुढच्या फोर्कजवळ लावलेल्या ट्रान्सपाँडरने नोंदवलेला प्रत्येक सेकंद हिशोबात येतो.

या गणिताचे उत्तम उदाहरण २०२३ चे आहे. अमेरिकेचा मॅटेओ जॉर्गेन्सन आधीच्या टप्प्यांवर मिळवलेली आघाडी घेऊन चढणीला लागला. बेल्जियमच्या मौरी व्हान्सेव्हेनांटने टप्पा जिंकून बोनस सेकंदही मिळवले, तरी बेरजेअंती जॉर्गेन्सन एका सेकंदाने विजेता राहिला. रेषेवर पहिला आलेला सायकलपटू पाहून ज्यांनी पडदा बंद केला असेल त्यांना विजेता कळला नसणार. शर्यत पाहताना चेहऱ्यांपेक्षा पडद्याच्या कोपऱ्यातील अंतराच्या आकड्यावर नजर ठेवावी, असे जाणकार सांगतात ते यासाठीच.

प्रक्षेपणाची यंत्रणा : मैदानी खेळात कॅमेरे एका जागी असतात. सायकल शर्यतीत दीडशे किलोमीटरचा रस्ताच मैदान असल्याने कॅमेऱ्याला खेळाडूंबरोबर धावावे लागते. एका मोटरसायकलवर चालक आणि त्याच्या मागे कॅमेरावाला असतो. खांद्यावर कॅमेरा घेऊन तो कधी मागे तोंड करून बसतो, कधी फूटरेस्टवर उभा राहतो. अशा काही मोटरसायकली आणि एक हेलिकॉप्टर मिळून शर्यतीचे चित्र उभे करतात. मोटरसायकलीवरील चित्र रेडिओलहरींनी वर घिरट्या घालणाऱ्या विमानाकडे वा हेलिकॉप्टरकडे जाते आणि तेथून शेवटच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या निर्मिती गाडीत उतरते. तेथे दिग्दर्शक चित्रे निवडतो, त्यांवर नावे आणि अंतरे चढतात आणि मग उपग्रह वा इंटरनेटद्वारे ती जगभर जातात. डोंगराच्या आड मोटरसायकल गेली किंवा रिले विमान जागेवर नसले की पडद्यावर चौकोनी तुकडे दिसू लागतात. अशा वेळी समालोचकाला शर्यतीच्या अंतर्गत रेडिओवर कानात पडणाऱ्या माहितीवर काम भागवावे लागते. पूर्वापार पद्धतीप्रमाणे आघाडीच्या तुकडीला मोटरसायकलवरून पाटीवर वेळेचा फरक लिहून दाखवला जातो आणि प्रेक्षकांनाही कित्येकदा ताजा आकडा त्या पाटीवरूनच कळतो.

इतर खेळांशी तुलना : कॅमेरा एकाच वेळी सगळीकडे पोचू न शकण्याचा हाच प्रश्न मोकळ्या भूभागावर पसरलेल्या इतर स्पर्धांपुढेही असतो. टोपलीच्या आकाराच्या लक्ष्यात चकती फेकण्याचा डिस्क गोल्फ हा खेळ त्याचे जवळचे उदाहरण. १९७० च्या दशकात अमेरिकेत संघटित झालेल्या या खेळाची व्यावसायिक मालिका, डिस्क गोल्फ प्रो टूर, २०१६ मध्ये सुरू झाली. तेथे खेळाडू लहान गटांनी रानातून फिरतात आणि थेट प्रक्षेपण मुख्यतः आघाडीच्या गटामागे चालते. बाकीच्यांची प्रगती प्रेक्षकाला फोनवरील थेट गुणफलकावरूनच समजते. जोमेझप्रो या निर्मिती संस्थेने थेट न दाखवता निवांत संपादन करून, समालोचनासह फेरी दाखवण्याचा पायंडा पाडला आणि अनेक रसिकांना थेट प्रक्षेपणापेक्षा तोच अधिक भावतो. तरीही थेट पाहण्याचे मोल जून २०२१ मध्ये दिसले. यूटामधील ऑग्डेन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, शेवटच्या फेरीच्या अठराव्या होलवर जेम्स कॉनरॅडने सुमारे ७५ मीटरवरून चकती थेट टोपलीत टाकून पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली आणि नंतर प्लेऑफमध्ये विजेतेपद मिळवले. ती फेक अमेरिकेतील मोठ्या क्रीडावाहिन्यांवरही दाखवली गेली. दोन्ही खेळांत कॅमेरा एकावर असताना निर्णायक घटना दुसरीकडे घडू शकते. सायकल शर्यतीत ती उणीव वेळेचा फरक भरून काढतो, डिस्क गोल्फमध्ये गुणफलक.

भारतातून पाहणे : ओमानची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. तेथे दुपारी तीनला संपणारा टप्पा भारतात साडेचारला संपतो, त्यामुळे युरोपातील शर्यतींसारखे रात्रीपर्यंत जागावे लागत नाही. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि वर्षागणिक बदलतात. भारतातील सायकलप्रेमींचा मोठा आधार असलेली जीसीएन प्लस ही सेवा डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली.

जागेवरून पाहणे : चढणीचा रस्ता शर्यतीपूर्वी बंद होत असल्याने प्रेक्षकांना लवकर वर जावे लागते. युरोपातील घाटांइतकी गर्दी येथे नसते.

महाराष्ट्रातील संदर्भ : मराठी वाचकाला या चढणीचे महत्त्व मुंबई–पुणे सायकल शर्यतीवरून सहज कळेल. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. मात्र तो मान वेगळा असतो, तर जबल अख्दरवरील वेळ थेट एकूण निकालात मोजली जाते. टप्प्याटप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत महाराष्ट्रात जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या रूपाने झाली. पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवरून गेलेली ही शर्यत आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ वर्गातील होती. टूर ऑफ ओमान त्याहून वरच्या, २.प्रो वर्गात मोडते.